इटालियन सायकल

गेले सहा वीकांत मी काहीही लिहिलेलं नाही, आणि त्याला हापिसातलं रिलीज वगैरे कारण नाही. नखांत ग्रीस होतं. अजूनही आहे. सोमवारच्या मीटिंगमध्ये मॅनेजरने दोनदा माझ्या हातांकडे पाहिलं, पण बिचारा काही बोलला नाही.

तर झालं असं, की आमचा सदाशिव पेठेतला वाडा एकदाचा बिल्डरकडे गेला. काका-काकू सिंहगड रोडला भाड्याच्या फ्लॅटमध्ये गेले आणि जिन्याखालची पन्नास वर्षांची अडगळ बाहेर आली. स्टोव्ह, दोन पाट, पितळी बंब (तो काकूने कुणालाच दिला नाही) आणि सगळ्यांत मागे, पोत्यात गुंडाळलेली काकांची 'इटालियन'.

या सायकलची गोष्ट मी इतक्यांदा ऐकली आहे की मलाच ती आठवते असं वाटतं. बहात्तरच्या दुष्काळाच्या साली पुणे ते सातारा शर्यत लागली होती. कात्रज चढायचा, खंबाटकी चढायचा. आणि माझे काका, वय वर्षं वीस, या इटालियन सायकलवर त्या शर्यतीत तिसरे आले. ही गोष्ट सांगतात ते माझे बाबा. ते तेव्हा दहा वर्षांचे होते. काकांच्या तोंडून मी ती कधी ऐकली नाही, पण काका मुळातच कमी बोलतात, त्यामुळे कुणाला त्याचं विशेष वाटलं नाही.

पोतं सोडलं तेव्हा दिसली ती एक निळी रेसर. आकड्यासारखं वाकलेलं हॅन्डल, पाच दात्यांच्या चकत्यांचं फ्रीव्हील, गंजलेल्या क्रोमच्या रिमा आणि तिरक्या नळीवर पिवळ्या ऑइलपेंटने, पाट्या रंगवणाऱ्या पेंटरच्या वळणदार इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं 'कॅम्पाग्नोला'. हो, 'ला'. शेवटचं अक्षर चुकलं होतं. मी म्हटलं, चला, इटालियन तर आहे. फ्रेम भोसरीला नेऊन सँडब्लास्ट करू, पावडर कोटिंग मारू, नवीन डिकल मागवू आणि काकांच्या पंचाहत्तरीला भेट देऊ. डोक्यात बजेटसुद्धा तयार झालं.

इथून पुढे माझ्या इंजिनिअरिंगच्या डिग्रीची जी शोभा झाली ती ऐका.

सायकल उघडायची तर आधी क्रँक काढावे लागतात. या सायकलचे क्रँक कॉटरचे निघाले, म्हणजे आपल्या काळ्या सायकलींना असतो तोच प्रकार: एक्सलमधून आडवी पाचर जाते आणि पलीकडून नट. पन्नास वर्षं बसलेली पाचर हातोडीने निघत नाही. तिचं डोकं भजीसारखं पसरतं, आणि एकदा ते पसरलं की ती भोकातून जातच नाही, ड्रिल करून काढावी लागते. डावी मी अशीच घालवली. उजवीच्या वेळी शहाणपण आलं. रोज थोडं तेल सोडलं, आठवडाभर थांबलो, खाली लोखंडी पाइपचा भक्कम टेकू दिला आणि वाइसमध्ये हळूहळू दाब दिला. शनिवारी सकाळी 'टक्' असा आवाज झाला आणि ती सुटली. शेजारच्या काकूंनी गॅलरीतून विचारलं, काय फुटलं रे?

क्रँक निघाल्यावर उजवीकडची वाटी. यात छर्रे फिरतात. आता इटालियन फ्रेमच्या दोन्ही वाट्यांचे आटे सरळ असतात. म्हणजे नेहमीसारखं डावीकडे फिरवलं की सुटल्या पाहिजेत. मी पान्याला मीटरभर पाइप लावला आणि जीव खाऊन डावीकडे फिरवत राहिलो. एक अख्खा रविवार. वाटी ढिम्म हलली नाही. संध्याकाळी वैतागून, नुसतं बघू म्हणून उलट्या दिशेने झटका दिला आणि ती लोण्यासारखी फिरली.

म्हणजे मी दिवसभर ती घट्ट करत होतो!

हसू येण्याआधी पोटात गोळा आला, कारण उजव्या वाटीला उलटे आटे ही इंग्रजी पद्धत. इटालियन नाही, फ्रेंचही नाही. त्या दोघांचे दोन्हीकडे सरळ. व्हर्नियर लावला. इटालियन वाटीचा व्यास ३६ मिलिमीटर असतो, फ्रेंच ३५. ही जेमतेम ३५ च्या खाली भरली. बाबांना फोन करून सांगितलं, बाबा, सायकल इंग्लिश दिसतेय. ते म्हणाले, "तुला काय कळतंय, नाव लिहिलंय ना त्यावर!"

बरं, इंग्लिश तर इंग्लिश. कॉटरची कटकट नको म्हणून मी इंग्लिश मापाची नवीन सीलबंद कार्ट्रिज मागवली. ती दोन आटे गेली आणि अडकली. थोडा जोर लावला असता तर फ्रेमचे आटे कायमचे गेले असते. माझं नशीब की मागच्या रविवारची अद्दल ताजी होती. बोहरी आळीतून आटे मोजायची पट्टी आणली, ती दातेरी पात्यांची असते ना, ती. नेहमीच्या इंग्लिश सायकलीला इंचात २४ आटे असतात. इथे २६ चं पातं बसलं. एका आट्यामागे फरक किती, तर ०.०८ मिलिमीटर. दोन आट्यांपर्यंत दिसत नाही, तिसऱ्याला वाटी चावायला लागते. आमच्या धंद्यात याला ऑफ बाय वन म्हणतात आणि तोसुद्धा असाच थोडा चालून मग आपटतो.

तर इंचात २६ आटे आणि नळीची रुंदी ६८ ऐवजी ७१ मिलिमीटर. हे दोन्ही एकत्र असले की उत्तर एकच: नॉटिंगहॅमची रॅली.

रॅलीची गंमत अशी, की तिला जगाच्या मापांशी जुळवून घ्यायची गरज कधी पडलीच नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रँक बाउडेन नावाच्या माणसाने नॉटिंगहॅमच्या रॅली स्ट्रीटवरचा एक छोटा कारखाना घेतला आणि रस्त्याचंच नाव कंपनीला राहिलं. विसाव्या शतकाच्या मध्यावर तिथून वर्षाला दहा लाखांच्या घरात सायकली निघत होत्या. हब त्यांचे (स्टर्मी-आर्चर त्यांचीच), आटे त्यांचे. भारतात सेन कंपनीबरोबर आसनसोलला कारखानाही काढला होता. अ‍ॅलन सिलिटो हा लेखक पोरवयात नॉटिंगहॅमच्या कारखान्यात कामाला होता आणि १९५८ मध्ये आलेल्या त्याच्या पहिल्या कादंबरीचा नायकही सायकलच्या कारखान्यात लेथवर उभा असतो. आज त्या जागेवर नॉटिंगहॅम विद्यापीठाचा ज्युबिली कॅम्पस आहे. माझा एक मित्र तिथे एमएस करून आला. त्याला विचारलं, तर म्हणाला, "रॅली? कसली रॅली, निवडणुकीची?" असो.

आता मला व्यसन लागलं. रंग काढायचं बाजूला ठेवून मी रोज रात्री हापिसातून आलो की टॉर्च घेऊन सायकलसमोर बसायचो. अमेरिकेतला शेल्डन ब्राउन हा मेकॅनिक २००८ मध्ये वारला, पण जुन्या सायकलींच्या मापांबद्दल त्याने जे लिहून ठेवलंय त्यावर माझ्यासारखे अजून जगतात. त्याच्यामुळे कळलं की सायकलवरच्या स्टिकरवर सगळ्यांत शेवटी विश्वास ठेवायचा. आधी आटे, मग व्यास, मग धातूवर ठोकलेले आकडे.

उदाहरणार्थ सीटची दांडी. तिच्यावर २६.४ हा आकडा आहे. इंग्लिश फ्रेमच्या सीटच्या नळीचा बाहेरचा व्यास २८.६ मिलिमीटर. वजाबाकी करा, दोनने भागा, थोडी ढील सोडा, म्हणजे नळीची जाडी १ मिलिमीटरच्या आसपास. रेनॉल्ड्स ५३१ नावाच्या ज्या भारी नळ्या असतात, आतून टोकांना जाड आणि मध्ये पातळ, त्यांच्या फ्रेममध्ये साधारण २७.२ ची दांडी जाते. म्हणजे आमची फ्रेम साध्या पोलादाची. मजबूत, जड, मधल्या किमतीची. शर्यतीची खास अशी नव्हेच.

हेडवर निळ्या रंगाने बुजलेली वर-खाली दोन भोकं सापडली. तिथे कधीतरी बिल्ला होता. वाटीच्या नळीखाली ब्लेडने हळूच खरवडलं, तर निळ्याखाली पांढरा प्रायमर आणि त्याखाली गडद हिरवा. आणि मग सीटच्या नळीजवळ, दोन थर रंगाखाली, ठोकलेला नंबर. थिनरचा बोळा धरून बसलो. पहिलं अक्षर एन, दुसरं एच, आणि मग आकडा ४.

१९७३ पासून रॅलीने नंबरांची नवीन पद्धत आणली. पहिलं अक्षर कारखान्याचं, एन म्हणजे नॉटिंगहॅम. दुसरं अक्षर वर्षातल्या काळाचं. त्यानंतरचा पहिला आकडा वर्षाचा शेवटचा आकडा. ४, म्हणजे १९७४. (१९८४ असू शकत नाही, कारण काकांच्या लग्नाच्या अल्बममध्ये, १९७९ च्या, वाड्याच्या दारात हीच सायकल दिसते.)

मागचा डिरेलर मात्र खरोखर इटालियन निघाला. व्हिचेंझाच्या कॅम्पाग्नोलो कंपनीचा नुओव्हो रेकॉर्ड, ज्यावर त्या काळचे मोठमोठे रेसर धावले. त्याच्या पाठीवर 'पेटंट-७५' असं उठवलेलं असतं, आणि त्यातला आकडा म्हणजे वर्ष.

शर्यत होती १९७२ ला.

हा शोध लागला तेव्हा रात्रीचे साडेबारा वाजले होते. एरवी बग सापडला की मी टाळी वाजवतो. त्या रात्री टॉर्च बंद करून नुसता बसून राहिलो. कारण १९७४ ची सायकल १९७२ च्या शर्यतीत धावत नाही, आणि आमच्या घरात ही एकच शर्यत आहे. आमच्याकडे दुसरं कुणी कधी कशात तिसरं आलेलं नाही.

आणि एकदा संशय आला की सगळंच बोलायला लागतं. फ्रीव्हीलच्या पाच चकत्या. पहिल्या दोन आणि शेवटच्या दोन जवळजवळ नव्या. मधल्या, १८ दात्यांच्या चकतीचे दाते मात्र झिजून शार्कच्या पंखांसारखे झालेले. घाट चढणाऱ्या माणसाची मोठी चकती झिजते. हा माणूस वर्षानुवर्षं सपाट रस्त्यावर एकाच गियरमध्ये चालला होता. मागच्या नळ्यांवर कॅरिअरच्या पकडींनी रंग घासून गेलेला. हॅन्डलच्या खालच्या वाकाची टेप कोरी, वरची काळी पडलेली. शर्यतीत माणूस खाली वाकतो. डबा घेऊन जाणारा वर धरतो.

एक गोष्ट मात्र मला काही केल्या जुळेना. फ्रेमच्या मागच्या टोकावर, जिथे चाक बसतं, तिथे सिम्प्लेक्सचं नाव ठोकलंय. सिम्प्लेक्स ही फ्रेंच कंपनी. त्या काळात तिचे डिरेलर प्लास्टिकचे असायचे, डेल्रिनचे, आणि ते तडकायचे. अशा टोकाचं भोक बिनआट्याचं असतं, त्यात कॅम्पाग्नोलो बसत नाही. बसवायचा तर भोकात आटे पाडावे लागतात, १० मिलिमीटरला १ चे, आणि डिरेलर टेकायला घड्याळातल्या सातच्या जागी खाच कापावी लागते. इथे ते दोन्ही केलेलं होतं. आटे स्वच्छ. खाच इतकी सरळ आणि काटकोनात, की मी आधी ती कारखान्याचीच समजलो. भिंग लावल्यावर कानशीच्या रेघा दिसल्या. समांतर, एकसारख्या. नाक्यावरच्या सायकलवाल्याचं हे काम नव्हे.

मग मला आठवलं, काका पिंपरीला टूलरूममध्ये फिटर होते.

काका रविवारी आले. मी बाबांना मुद्दाम बोलावलं नव्हतं, पण ते आलेच, सायकल बघायला मिळणार म्हणून. मी विषय कसा काढावा याची तालीम केली होती, ती सगळी फुकट गेली. काकांनी चष्मा वर केला, सायकलचं मागचं टोक अंगठ्याने चाचपलं आणि म्हणाले, "ही खाच माझी आहे. दोन दुपारच्या सुट्ट्या गेल्या हिच्यात."

मी विचारलं, "काका, ही सायकल घेतली कधी तुम्ही?"

"अठ्ठ्याहत्तर. मुंबईच्या गोदीतल्या एका माणसाकडून. बोटीवरच्या कुणीतरी आणली होती. गियर मोडका होता, तो नंतर बसवला."

बाबा म्हणाले, "दादा, असं कसं? शर्यत बहात्तरला होती."

"हो."

"मग शर्यतीत कुठली होती?"

"देशपांड्यांची काळी. मडगार्ड काढून, हॅन्डल उलटं फिरवून. सगळेच तसे यायचे तेव्हा."

बाबा काही बोलेनात. मग अगदी हळू आवाजात, "पण तू तिसरा आला होतास ना?"

"खंबाटकीच्या माथ्यावर तिसरा होतो," काका म्हणाले. "उतार लागला आणि कॉटर सुटली. क्रँक लोंबायला लागला. शिरवळला ट्रक मिळाला उलटा." मग थोडं थांबून, "तू दारात उभा होतास. विचारलंस कितवा. मी म्हटलं तिसरा. दमलो होतो रे."

स्वयंपाकघरातून आई काहीतरी विचारत होती, कुणीच उत्तर दिलं नाही.

मला वाटलं बाबा आता चिडतील किंवा हसण्यावारी नेतील. ते सायकलपाशी उकिडवे बसले आणि ती खाच बघायला लागले. मी भिंग दिलं. बराच वेळ बघून म्हणाले, "हे हाताने केलंस?" काका म्हणाले, "मशीनवर धरायचं कसं, फ्रेम केवढी." मग दोघं कानशींबद्दल बोलत बसले. नाना, म्हणजे माझे आजोबा, सत्त्याहत्तरला गेले. शर्यती त्याच्या आधीच बंद झाल्या होत्या. धाकटी भावंडं शिकत होती, त्यांतले एक बाबा. ही सायकल काकांनी घेतली ती पिंपरीला जायला. सतरा-अठरा किलोमीटर जायचे, तितकेच यायचे, तेवीस वर्षं. मी मनात गुणाकार करायला लागलो आणि सोडून दिला.

"मग त्यावर कॅम्पाग्नोला कुणी लिहिलं?" मी विचारलं.

काका पहिल्यांदा हसले. "अरे, एवढा गियर बसवला, कुणाला कळायला नको? पेंटरला गियरवरचं नाव दाखवलं. त्याला शेवटचा ओ, ए सारखा दिसला. दोन रुपये कमी दिले त्याला."

पावडर कोटिंग रद्द. मी भोसरीच्या माणसाला फोन करून सांगितलं. जुन्या सायकलींच्या लोकांत एक म्हण आहे, मूळ रंग एकदाच मिळतो. पण आमच्या सायकलीचा मूळ रंग कुठला? नॉटिंगहॅमचा हिरवा, की सदाशिव पेठेतला निळा? नियमाने जायचं तर हिरवा. मी निळा ठेवला आणि चुकलेला 'ला'ही ठेवला. नुसतं साबणाचं पाणी आणि मग मेणाचं पॉलिश. रिमांच्या क्रोमवरचा गंज अ‍ॅल्युमिनियमच्या फॉइलचा बोळा पाण्यात भिजवून घासला. पोळ्या गुंडाळायचीच फॉइल. क्रोमपेक्षा मऊ असल्याने ती ओरखडे पाडत नाही. खड्डे राहिले, चकाकी आली. तरी पावसात क्रोमच्या रिमवर ब्रेक लागत नाहीत हे पुढच्या जूनमध्ये कुणी मला आठवण करून द्या.

टायरने शेवटचा घोळ घातला. यावर २७ इंची आहे, म्हणजे रिमवर टायर बसतो तिथला व्यास ६३०. आपल्या काळ्या सायकलींचा २८ इंची ६३५, आणि हल्लीच्या रेसरचा ७०० नंबरी ६२२. दुकानात "सत्तावीस द्या" म्हटलं तर तिन्हींपैकी जे समोर असेल ते मिळतं. तेव्हा टायरच्या कडेवरचा तीन आकडी नंबर वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. मी दोनदा दिले.

सीलबंद कार्ट्रिज परत गेली. जुन्या वाट्या रॉकेलने धुतल्या, त्यांच्यात खड्डे नव्हते. नवीन छर्रे, पाव इंची, एका बाजूला अकरा. आणि कॉटर. ती आपल्याकडे अजून कुठल्याही सायकलच्या दुकानात मिळते, पण तशीच ठोकून चालत नाही. दोन्ही पाचरांचे उतार सारखे घासावे लागतात, नाहीतर दोन पेडल एका रेषेत येत नाहीत. मी कानस घेऊन बसलो. काकांनी पाच मिनिटं पाहिलं आणि माझ्या हातातून ती काढून घेतली.

"पाठीमागे येताना उचल. घासत मागे आणायची नाही, दाते मरतात."

त्र्याहत्तर वर्षांच्या माणसाचे हात नुसते असताना थोडे थरथरतात. कानस धरल्यावर थरथरले नाहीत. त्यांनी दोन्ही घासल्या, बसवल्या, हातोडीचे तीन ठोके, नट. पेडल हाताने फिरवून पाहिलं. परत नट, आणखी पाव फेरा. मग परत.

गेल्या शनिवारी सकाळी काका ती घेऊन सोसायटीत दोन फेऱ्या मारून आले. बाबा गेटपाशी वॉचमनला सांगत होते, "हे माझे मोठे बंधू. खंबाटकीच्या माथ्यावर तिसरे होते." एवढंच. पुढचं त्यांनी काही सांगितलं नाही, आणि वॉचमननेही काही विचारलं नाही.

काका उतरले, सायकल भिंतीला लावली, घाम पुसला. मला वाटलं, आता काहीतरी बोलणार.

"कॅरिअर कुठे टाकलंस रे?"

गंजलेलं, वाकडं कॅरिअर. ते मी पहिल्याच दिवशी भंगारवाल्याला दिलं होतं. उद्या रविवार, जुन्या बाजाराचा दिवस. पकडीतलं अंतर मोजून ठेवलंय, सकाळी लवकर निघायला हवं.